लस कोणाची वाट बघत होती?

(हा भाग ऐकण्याऐवजी ज्यांना वाचायचाय त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढून टाकलेत.)

आपण इथे पेशव्यांवर बोललो, गिरणी कामगारांच्या संपावर बोललो. आजचा इतिहास इतका ताजा आहे की तुमच्यापैकी बहुतेक जण त्यात स्वतः होते. तुमच्या फोनच्या गॅलरीत तो अजून असेल. थोडं मागे स्क्रोल करा, २०२१ च्या मे महिन्यापर्यंत. हातावर कापूस धरून काढलेला सेल्फी सापडेल.

पण त्या सेल्फीच्या आधीचा फोटो कोणाकडेच नाही. वाट बघण्याचा. आज त्यावर बोलायचंय.

२८ एप्रिल, दुपारचे चार

तारीख २८ एप्रिल २०२१, बुधवार. मी पुण्यात, कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटवर. आम्ही तिघं रूममेट, तिघंही आयटीतले, तिघंही घरूनच काम करत होतो. दुसरी लाट जोरात होती. रात्री ॲम्ब्युलन्सचे आवाज यायचे, व्हॉट्सॲपवर बेड आणि रेमडेसिविरचे मेसेज फिरायचे. आणि त्या दिवशी दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लसीची नोंदणी सुरू होणार होती.

पावणेचारला आम्ही तिघांनीही मीटिंगमधून 'दोन मिनिटांत आलो' म्हणून पळ काढला. चार वाजले. कोविन उघडलं आणि बसलं. ओटीपी येईना. आला तो इतका उशिरा आला की त्याची मुदत संपलेली. ओटीपीला १८० सेकंद असायचे, ते आठवतंय ना? थोड्या वेळानं साईट सावरली, नोंदणी झाली. पहिल्याच दिवशी देशभरात सव्वा कोटीपेक्षा जास्त लोकांनी नाव नोंदवलं. आम्ही खूश. मग पिनकोड टाकला, 'सर्च' दाबलं आणि कळलं की नाव नोंदवणं वेगळं आणि लस मिळणं वेगळं. आमच्या वयासाठी एकही स्लॉट नव्हता. उद्याचा नाही, परवाचा नाही, आठवड्याभरातला नाही.

१ मे ला, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच, आमच्या वयोगटाचं लसीकरण सुरू झालं. पण सगळ्या पुणे शहरात केंद्रं अगदी मोजकी.

हे सगळं पुण्यात घडत होतं, हे विसरू नका. कोविशील्ड बनत होती ती इथेच, मांजरीला, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. १२ जानेवारीला पहाटे लसीचे पहिले ट्रक तिथून निघाले तेव्हा नारळ फोडून पूजा केली होती, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. कारखान्यापासून माझा फ्लॅट फार तर वीस-बावीस किलोमीटर. आणि मी त्या लसीसाठी फोनवर बोट घासत बसलो होतो.

आधी लस आपली वाट बघायची

आता जरा मागे जाऊ. खूप मागे.

भारतात पहिली लस टोचली गेली मुंबईत. १४ जून १८०२. लस देवीच्या रोगाची, आणि ती घेणारी होती ॲना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी. तेव्हा फ्रीज नाही, बाटली नाही. बगदाद, बसरा असं करत लस मुंबईला पोचली ती माणसांच्या अंगावरून. एकाच्या हातावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला. ॲनाच्या हातावरच्या फोडातूनच पुढच्या मुलांना लस दिली गेली.

पण त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षं भारतातल्या लसीची गोष्ट ही मुख्यतः लोक रांगेत उभे राहण्याची गोष्ट नव्हती. ती सरकारनं लोकांच्या मागे लागण्याची गोष्ट होती. मुंबई इलाख्यात १८७७ साली मुलांना देवीची लस टोचण्यासाठी कायदा करावा लागला. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची साथ असताना वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. तिच्यावर कोणाचा विश्वास बसणार? म्हणून १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

माझ्या आजीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. तुमच्याही आजी-आजोबांच्या असेल, बघा. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. ती सांगते, गावात 'देवी डॉक्टर' यायचा. लस टोचणाऱ्या माणसाला लोक देवी डॉक्टरच म्हणायचे. "तो वेशीपाशी दिसला की आम्ही पोरं कणगीमागं लपायचो. मग माझा बा मला हाताला धरून वढत न्यायचा." हातावर सुईचं छोटं चक्र फिरवायचे, ते भयंकर दुखायचं. तरीही देवी डॉक्टर येतच राहिला. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही. रोग संपला.

मग पोलिओ. १९९५ पासून पल्स पोलिओ. हे आपल्या पिढीचं आहे, 'दो बूंद जिंदगी के' आपण टीव्हीवर बघतच मोठे झालो. रविवारी बूथ, आणि जे बूथवर आले नाहीत त्यांच्या घरी बायका दोन-तीन दिवसांत यायच्या. बाळाच्या करंगळीला शाई, दारावर खडूनं खूण. एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात, जिथे मूल असेल तिथे थेंब पोचवायचे. १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही वेळा लस माणसाकडे चालत गेली. वाट बघायची ती देवी डॉक्टरनं, पोलिओवाल्या ताईनं. माणूस घरी नसेल तर परत यायचं. दारावरच्या खडूच्या खुणेचा अर्थच हा होता की कोणाला मिळाली हे लिहून ठेवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणाला नाही मिळाली हे लिहून ठेवा.

२०२१ च्या मे मध्ये हे उलटं झालं. आमच्या वयाच्या माणसानं लसीकडे जायचं होतं. आणि जायचं कुठून, तर मोबाईलच्या पडद्यातून.

५९ कोटी माणसं, आणि एक सर्च बटण

त्यावेळचा हिशोब साधा होता. १८ ते ४४ वयाचे लोक देशात साधारण ५९ कोटी. प्रत्येकी दोन डोस, वाया जाणारे धरून १२२ कोटी डोस लागणार. हा आकडा केंद्र सरकारनंच सर्वोच्च न्यायालयात दिलेला. आणि हातात होते त्याच्या आसपासही नाहीत. मुंबईत तर ३० एप्रिलपासून तीन दिवस साठा नाही म्हणून लसीकरणच बंद ठेवावं लागलं होतं.

म्हणजे वाट बघावी लागणारच होती. कोणतंही ॲप आणलं तरी डोस काही वाढणार नव्हते. प्रश्न एवढाच होता की वाट कोणी बघायची.

आमच्यापेक्षा मोठ्यांचं वेगळं होतं. १ मार्चपासून ६० वरच्यांना आणि १ एप्रिलपासून ४५ वरच्या सगळ्यांना लस सुरू झाली होती, आणि त्यांना सरकारी केंद्रावर आधार कार्ड घेऊन थेट जाता येत होतं. माझ्या आजीचं नाव आशाताईनं घरी येऊन लिहून नेलं, आणि मार्चमध्ये तिला पहिला डोस मिळाला. तिनं कोविन हा शब्दही ऐकला नव्हता. आम्हा १८ ते ४४ वाल्यांसाठी मात्र नियम होता: फक्त ऑनलाइन. आधी स्लॉट, मगच केंद्र. कारण समजण्यासारखं होतं, केंद्रावर गर्दी नको. ७ मे ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून राज्याला स्वतःचं वेगळं ॲप करू द्या अशी मागणी केली. छत्तीसगडनं तर आपलं वेगळं पोर्टल काढलंच.

इकडे आम्ही तिघं काय करत होतो? जे इंजिनिअर करतात तेच. कोविननं आपला एपीआय सार्वजनिक ठेवला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एपीआय म्हणजे वेबसाईटचं मागचं दार. पडद्यावर बटणं दाबण्याऐवजी तुमचा प्रोग्रॅम थेट विचारू शकतो, 'या जिल्ह्यात या तारखेला स्लॉट आहे का?' प्रत्येक जिल्ह्याला एक नंबर होता. मुंबई ३९५, पुणे ३६३. मला अजून पाठ आहे. आमच्या फ्लॅटचा दरवाजाचा कोड विसरलो, पण ३६३ नाही विसरलो.

एका संध्याकाळी बसून मी स्क्रिप्ट लिहिली. चाळीस-पन्नास ओळींची पायथन. दर काही सेकंदांनी ३६३ ला विचारायचं, वय १८ वर असलेलं केंद्र दिसलं आणि शिल्लक शून्यापेक्षा जास्त असली की लॅपटॉपनं जोरात बीप वाजवायचा. मग आम्ही धावत जाऊन बुक करायचं. मी एकटाच नव्हतो. देशभर हजारो पोरं हेच करत होती. टेलिग्रामवर प्रत्येक शहराचे ग्रुप निघाले. काही जण तर पुढे जाऊन ओटीपीसुद्धा आपोआप भरणाऱ्या स्क्रिप्ट गिटहबवर टाकत होते.

सरकारच्याही हे लक्षात आलं. मे च्या पहिल्याच आठवड्यात एपीआयवर मर्यादा आली: एका आयपीवरून पाच मिनिटांत १०० विचारणा, आणि मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकेल. मग बुकिंग करताना कॅप्चा आला. आम्ही त्यावरही उपाय शोधले. खरं सांगू? मजा येत होती. बाहेर जग जळत होतं आणि आम्हाला एक सोडवता येण्यासारखा प्रॉब्लेम मिळाला होता.

पहाटे, दुपारी, रात्री अकराला, कधीही बीप वाजायचा. स्लॉट उघडायचा आणि दहा-पंधरा सेकंदांत हिरव्याचं लाल व्हायचं. शहरातली केंद्रं तर आमच्या हाती लागलीच नाहीत. शेवटी मी यादीतली शहराची अटच काढून टाकली. पूर्ण ३६३. कुठलंही गाव चालेल.

त्याच रात्री बीप वाजला आणि मला स्लॉट मिळाला.

आरोग्य केंद्राच्या अंगणात

केंद्र पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराच्या कुशीत. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. लॉकडाऊन होता, पण नाक्यावर पोलिसाला मोबाईलवरची अपॉइंटमेंट दाखवली की सोडत होते. मित्राची गाडी घेऊन सकाळी साडेनऊला पोचलो.

अंगणात दोन गट होते. एका बाजूला पंचेचाळीस वर्षांवरचे, बहुतेक दुसऱ्या डोससाठी आलेले. त्यांची खरीखुरी रांग होती. माणसं सावलीला बसलेली आणि रांगेत त्यांच्या जागी चपला, पिशव्या, एकेक दगड. कोणाचा दगड कोणाचा हे सगळ्यांना माहीत. दुसऱ्या बाजूला आम्ही. आमची रांग नव्हतीच. सिस्टरच्या हातात छापलेली यादी होती, ती नाव पुकारायची, आम्ही आत जायचो, मोबाईलवरचा चार आकडी कोड सांगायचो, सुई, अर्धा तास बसायचं, बाहेर. कंपाउंडबाहेर गाड्या लागलेल्या. यादीतले जवळजवळ सगळे शहरातून आलेले. एकमेकांशी बोलायला लागलो तर बावधन, वाकड, खराडी. एकानं तर विचारलं, "तुझी स्क्रिप्ट किती सेकंदाला पिंग करते?"

भिंतीला टेकून तीन-चार मुलं उभी होती. माझ्याच वयाची. त्यातला एक दोनदा सिस्टरकडे जाऊन आला. ती म्हणाली, "दादा, लिस्टमध्ये नाव असेल तरच. मी काय करू, मला वरनं यादी येते." ती चिडून बोलली नाही. थकून बोलली.

तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. दूध गोळा करायचं काम करायचा, रोज सात गावं फिरायचा. म्हणजे लस आधी कोणाला हवी, मला की त्याला? मी महिनाभर घराबाहेर पडलो नव्हतो.

"तुम्हाला कसं मिळालं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "ऑनलाइन."

"ऑनलाइन आम्ही पण करतोय की," तो म्हणाला. "रेंज त्या टेकाडावर येते. मोबाईलवर आलेलं बघून वर चढून जाईस्तोवर संपलेलं असतंय. ते हिरवं येतं आणि जातं."

मी काहीच बोललो नाही. त्याला स्क्रिप्टबद्दल सांगितलं नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती मुलं गेली होती. त्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच.

येताना गाडीत मित्राचा फोन आला, "झालं का? मला पण दे ना स्क्रिप्ट." मी दिली. नंतर अजून अकरा जणांना दिली. हेही सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला अर्धाच इतिहास सांगितला असं होईल. आणि त्या अकरापैकी नऊ जणांना अशाच कुठल्यातरी गावात मिळाली.

त्यानंतर चारेक दिवसांतच, १२ मे ला, राज्यानं आमच्या वयोगटाचं लसीकरण थांबवलं. पंचेचाळीसवरच्यांचे दुसरे डोस अडकले होते, म्हणून उरलेले डोस तिकडे वळवले. म्हणजे भिंतीला टेकलेल्या त्या मुलांसाठी ते मागचं दार, पुढचं दार, टेकाड, सगळंच बंद झालं.

चूक कोणाची?

माझा एक रूममेट म्हणतो, तू उगाच मनाला लावून घेतोस. एपीआय उघडा होता. नियमात कुठेही लिहिलं नव्हतं की शहरातल्या माणसानं गावात जाऊ नये. डोसच कमी होते, कोणाला तरी मिळणार आणि कोणाला तरी नाही.

त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मी त्यावर बराच विचार केलाय. डोस कमी आहेत एवढ्यावरून कोण मागे राहणार ते ठरत नाही. ते आपण बनवलेली पद्धत ठरवते. अंगणात दगड ठेवून रांग लावली तर जो जवळ राहतो, पहाटे उठतो त्याला आधी मिळते. चिठ्ठ्या टाकल्या तर नशिबानं मिळते. घरोघरी गेलं तर ज्याच्याकडे आधी पोचलो त्याला मिळते. आणि 'जो आधी क्लिक करेल त्याला' असं ठेवलं तर ज्याच्याकडे रेंज आहे, लॅपटॉप आहे आणि पायथन येतं त्याला मिळते. प्रत्येक पद्धतीत कोणीतरी मागे राहतंच. आमच्या पद्धतीत कोण मागे राहणार हे ठरवणारा कोणी व्हिलन नव्हता. एक सर्च बटण होतं, आणि दुसऱ्या टोकाला मी.

आणखी एक फरक आहे. दगडांच्या रांगेत पुढचा माणूस मागे वळून बघू शकतो. मागे एखादी पोटुशी बाई उभी असेल तर तिला पुढे बोलावतो. निदान लाज तरी वाटते. आमच्या रांगेत मागे कोण आहे हे दिसतच नव्हतं. मला ते दिसलं, कारण मी त्या अंगणात जाऊन उभा राहिलो. स्लॉट शहरात मिळाला असता तर मला कधी कळलंही नसतं.

सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं ३१ मे २०२१ च्या आदेशात मांडलं. न्यायमूर्ती चंद्रचूड, नागेश्वर राव आणि रवींद्र भट यांचं खंडपीठ. १८ ते ४४ साठी फक्त डिजिटल पोर्टलवर अवलंबून राहिलात तर सगळ्यांपर्यंत लस पोचणार नाही, असं त्यांनी सांगितलं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात १०० पैकी साधारण ४ घरांत कॉम्प्युटर होता आणि १५ घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात हेच २३ आणि ४२. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे ते टेकाड आलं.

चाकं तोपर्यंत हलायला लागली होती. २४ मे ला केंद्रानं सरकारी केंद्रांवर आमच्या वयोगटालाही थेट येऊन नोंदणी करायची परवानगी दिली, पण ते राज्यांनी ठरवायचं होतं. जूनमध्ये कोविन मराठीत दिसू लागलं. तोपर्यंत ते इंग्रजीत होतं, विसरलात ना? आणि २१ जूनपासून १८ वरच्या सगळ्यांना केंद्राकडून मोफत लस सुरू झाली. त्या एका दिवसात ८० लाखांहून जास्त डोस दिले गेले. मग साठा वाढत गेला. १७ सप्टेंबरला एका दिवसात अडीच कोटी. २१ ऑक्टोबरला देशानं १०० कोटी डोसचा टप्पा गाठला. याचं श्रेय कोविनलाही आहे, ते मी नाकारत नाही. तुमचं सर्टिफिकेट दोन मिनिटांत फोनवर आलं, ते जगात सगळीकडे झालेलं नाही.

आणि मग लस पुन्हा दारात आली

आता शेवटचा भाग. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात 'मिशन कवचकुंडल' सुरू झालं. नोव्हेंबरमध्ये देशभर 'हर घर दस्तक'. म्हणजे आरोग्य कर्मचारी पुन्हा दारोदार. औरंगाबाद जिल्ह्यात, आताचं छत्रपती संभाजीनगर, जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला की लसीचा एकही डोस नसेल त्याला पेट्रोल आणि रेशन देऊ नका. सहा महिन्यांपूर्वी आम्ही लसीच्या मागे धावत होतो. आता लस लोकांच्या मागे धावत होती. देवी डॉक्टर परत आला होता.

आणि तेव्हा एक शब्द सगळीकडे ऐकू यायला लागला. 'लस न घेणारे'. बातम्यांत, भाषणांत, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरसुद्धा. 'गावाकडचे लोक घाबरतात.' 'त्यांना कळतच नाही.' त्यात खरंही होतं, बरेच जण घाबरत होते. माझ्या सख्ख्या काकांना पटवायला आम्हाला दोन महिने लागले.

पण मला प्रत्येक वेळी तो दूधवाला मुलगा आठवायचा. समजा त्याच्या दारावर नोव्हेंबरमध्ये कोणीतरी गेलं आणि तोवर त्यानं लस घेतलेली नसेल. तर त्याचं नाव कुठल्या यादीत जाईल? 'न घेणारे'. मे मध्ये तो सकाळी केंद्रावर येऊन उभा होता, दोनदा विचारून गेला, याची नोंद कुठे आहे? कुठेच नाही. ज्याला स्लॉट मिळाला त्याची नोंद झाली, वेळेसकट, बॅच नंबरसकट. जो टेकाड चढून आला आणि लाल पट्टी बघून परत उतरला, त्याची नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, जे लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही. इतिहासाचंही तसंच होतंय. उद्या कोणी या काळावर पुस्तक लिहील तर त्याला १०० कोटींचा आकडा मिळेल, रोजचे डोस मिळतील, जिल्हावार तक्ते मिळतील. तो तक्ता बघून म्हणेल, शहरं पुढे, गावं मागे, गावांत भीती जास्त होती. त्या तक्त्यात माझा मे महिन्यातला डोस एका ग्रामीण केंद्राच्या खात्यावर आहे. माझ्या अकरा मित्रांपैकी नऊ जणांचेही. म्हणजे त्या गावाच्या आकड्यात मी आहे आणि गावातला मुलगा नाही.

पोलिओच्या ताया दारावर खडूनं खूण करायच्या ना, त्याचं मोल मला आता कळतं. त्यात एक साधी गोष्ट होती: इथे कोणीतरी राहिलंय, परत यायचंय. आपण इतकं मोठं डिजिटल काम केलं, पण राहिलेल्या माणसासाठीची ती खडूची खूण त्यात कुठे होती? मी आता ऑफिसमध्ये कुठलंही बुकिंगचं काम आलं की एक प्रश्न विचारतो, ज्याला मिळालं नाही त्याचं काय होतं, ते आपण लिहून ठेवतोय का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येतं. पण निदान प्रश्न तरी विचारला जातो.

तर मंडळी, आज तुमच्याकडे एक मागणं आहे. २०२१ मध्ये तुम्ही लसीसाठी कशी वाट बघितली ते व्हॉइस नोट करून पाठवा. दोन मिनिटं पुरेत. ज्यांना लगेच मिळाली त्यांनीही पाठवा, पण ज्यांना मिळाली नाही, जे केंद्रावरून परत आले, ज्यांच्या आईवडिलांना तिसऱ्यांदा जावं लागलं, त्यांनी नक्की पाठवा. घरातल्या माणसांना विचारा. आजी-आजोबांना देवी डॉक्टरबद्दल विचारा, वण दाखवा म्हणा. मी हे सगळं जपून ठेवणार आहे, नावं न देता.

आणि पुणे जिल्ह्यातल्या डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या गावात, रोज सात गावांचं दूध गोळा करणारा कोणी हे ऐकत असेल, तर दादा, तेव्हा मी खरं सांगितलं नाही. नुसतं ऑनलाइन नव्हतं ते. तुमची व्हॉइस नोट आली तर मी सगळ्यात आधी ऐकेन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.